माझी खाडी आणि बाळूचा गाळ

भूम तालुक्यातल्या आमच्या ईट गावात कुणालाही मी सांगितलं की माझी सगळी नोकरी समुद्रात झाली, की माणूस आधी माझ्याकडं बघतो, मग माझ्या भावाकडं बघतो, खरं-खोटं जणू त्यानंच ठरवायचंय. आणि माझा भाऊ बाळू, देवानं त्याला काय घडवलंय, गंभीर चेहरा करून म्हणतो, "व्हय, अक्का तिकडं चिखल मोजायची. त्याचा पगार द्यायचं सरकार."

चुकीचं काही नाही त्यात. मी खरंच चिखल मोजायची. कोकणातल्या एका खाडीवर मोजणीच्या खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मग आम्ही दोघं नवरा-बायको ईटला परत आलो आणि बाळूच्या शेजारीच घर बांधलं. जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथली पोर आयुष्यभर पाण्यात उभी राहिली, हे मला स्वतःलाच अजून नवल वाटतं. आईला तर अजूनही पटलेलं नाही. आता तिचं वय झालंय, कान गेलेत, पण जीभ शाबूत आहे. पाहुण्यांना सांगते, "आमची सुरेखा तलाठी व्हती."

खाडी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसांसाठी सांगते. एक भली मोठी परात डोळ्यांसमोर आणा. तिचा काठ एका बाजूला तुटलेला. त्या तुटलेल्या जागेतून दिवसातून दोनदा समुद्र आत येतो, ती भरती. दोनदा परत जातो, ती ओहोटी. वरून एक-दोन नद्या येऊन परातीत पडतात. आमची खाडी इतकी उथळ की ओहोटीला अर्धी परात उघडी पडायची आणि नुसता चिखल चकाकत राहायचा. त्या परातीचा तळ कुठं किती खोल आहे, गेल्या वर्षीपेक्षा वर आला की खाली गेला, आणि पाणी किती चढलं, हे बघणं म्हणजे माझी नोकरी. सुरुवातीला दोरीला शिशाचं वजन बांधून नावेतून सोडायचं. नंतर यंत्रं आली, ती पाण्यात आवाज सोडून खोली सांगतात. पण चिखलात पाय घातल्याशिवाय चिखल कळत नाही, हे यंत्रं आल्यावरही बदललं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी असा काही प्रताप केला की सगळ्या बंदरावर माझं नाव झालं. दुपारी जेवायला जायचं होतं. नावाडी म्हणाला, "बाई, नाव बांधून या." मी म्हटलं, यात काय अवघड. धक्क्याच्या कडीला दोर टाकला, जनावर चरायला पळू नये म्हणून आपण बांधतो तसा आखूड घेतला, वर दोन गाठी मारल्या आणि खुशाल गेले. भरती तेव्हा पुरती चढलेली. जेवून, कार्यालयातलं काम उरकून संध्याकाळी परत येते तर धक्क्यावर ही गर्दी! पाणी उतरून खाली गेलं होतं आणि नाव नाकाला दोर लावून भिंतीवर लटकत होती. आतली वल्हं, बाटल्या, माझी छत्री, सगळं घसरून मागच्या टोकाला. नावाडी शांतपणे विडी ओढत बसला होता. म्हणाला, "बाई, तुमच्याकडं बैल भरतीला चढतात आणि ओहोटीला उतरतात का हो?"

मी इतकी हसले की रडायचं राहूनच गेलं. त्या दिवसापासून मी नाव बांधायला निघाले की कुणीतरी ओरडायचंच, "दावं सैल सोडा, बाई!"

गिऱ्हाईकंही एकेक भन्नाट भेटली. एका नारळाच्या वाडीचे मालक, निवृत्त गुरुजी, दर महिन्याला कार्यालयात यायचे. त्यांच्या वाडीत उधाणाचं पाणी शिरायला लागलं होतं आणि ते मान्य करायला गुरुजी तयार नव्हते. पाण्याची उंची बघायला आम्ही खाडीत एक उभी पट्टी रोवलेली असते. गुरुजींचं म्हणणं, "समुद्र जिथल्या तिथंच आहे. तुमची पट्टी चिखलात खचतेय!" आम्ही आधी हसलो. पण शंका खोटी नव्हती. पट्टी खचली तरी पाणी वर आल्यासारखंच दिसणार. मग किनाऱ्यावरच्या काळ्या खडकावर पक्की खूण होती, तिच्याशी पट्टी ताडून बघितली, तेही गुरुजींनाच दुर्बिणीला डोळा लावायला सांगून. पट्टी जागच्या जागी होती. गुरुजी बराच वेळ डोळा लावून उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तो येतोय तर." आणि आम्हा सगळ्यांना वाडीत नेऊन शहाळी पाजली. पाहुणा येणार हे एकदा पक्कं झालं की कोकणातला माणूस तयारीला लागतो, तसं त्यांनी दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाची रोपं काढून वर लावायला घेतली.

आता माझ्या धंद्यातली खरी गंमत सांगते. आपल्याकडं गाळ म्हणजे तलावाचा शत्रू. गाळ साचला की तलाव उथळ, पाणी कमी, उन्हाळ्यात बोंब. मी नोकरीला लागले तेव्हा हेच डोक्यात घेऊन गेले होते. खाडीत गाळ दिसला की माझं तोंड वाकडं व्हायचं. वर्षं गेली तेव्हा कळलं की उथळ खाडीचं उलटं असतं. समुद्र हळूहळू वर येतोय. पाणी बोटभर वर आलं तर चिखलानंही बोटभर वर यायला पाहिजे. आला तर ओहोटीला तो उघडा पडत राहतो, त्यात शिंपल्या जगतात, काठची तिवरं, म्हणजे खाऱ्या पाण्यातली झाडं, जगतात, लाटांचा जोर तिथंच मोडतो. नाही आला तर चिखल कायमचा पाण्याखाली जातो. वर पाणी खोल झालं की लाटा मोठ्या होतात, त्या काठ कुरतडतात, आणि परातीतला उरलासुरला गाळही बाहेर जातो. गाळ हे खाडीचं जेवण आहे, हो. भरतीच्या पाण्याची बाटली आणि ओहोटीच्या पाण्याची बाटली आम्ही शेजारी ठेवून बघायचो. आत येणारं पाणी जास्त गढूळ असलं तर खाडी जेवतेय, बाहेर जाणारं जास्त गढूळ असलं तर खाडी खंगतेय. आमची खंगत होती. वरच्या नद्यांवर बंधारे झाले होते, गाळ तिथंच अडकत होता. आम्ही हे दरसाल लिहून पाठवायचो. दरसाल पोच यायची. याचं मात्र मला वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

या चिखलावर सगळ्यात जास्त जीव होता तो जनाकाकूंचा. जनाकाकू म्हणजे खाडीवर शिंपल्या वेचणाऱ्या बायकांच्या म्होरक्या. ओहोटी लागली की साडीचा काष्टा मारून, टोपली कमरेला लावून दहा-बारा जणी चिखलात उतरायच्या, त्यात काकू सगळ्यांच्या पुढं. तोंड असं की बंदरावरचे पुरुष वाट बदलायचे. माझ्यावर मात्र माया. मी मोजायला गेले की म्हणायच्या, "मोजणीवाली बाय, माजा चिखल आज किती भरला?" अलीकडच्या वर्षांत त्यांचा चेहरा उतरायला लागला होता. चिखल उघडा राहायचा वेळ दरसाल कमी होत होता. पूर्वी टोपली भरून गप्पा मारायला वेळ उरायचा, आता टोपली अर्धी असतानाच पाणी गुडघ्याला लागायचं. त्यांच्या धाकट्या सुनेनं नुकतंच त्यांच्याबरोबर उतरायला सुरुवात केली होती. मी निवृत्त होऊन निघाले तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "माज्या सासूनं मला हा चिखल दिला. मी सुनेला काय देऊ गो, पाणी?"

मी त्यांना ईटचा पत्ता लिहून दिला आणि एसटीत बसले.

मग गेल्या उन्हाळ्यात एक दिवस भूमवरून आलेल्या एसटीतून ईटच्या स्टँडवर कोण उतरावं? जनाकाकू! अबोली रंगाचं लुगडं, कपाळावर तुळजापूरचा मळवट, हातात सुक्या मासळीची पिशवी, आणि त्या पिशवीच्या वासानं स्टँडवरची सगळी कुत्री मागं. भवानीच्या दर्शनाला आल्या होत्या. तिथून अणदूरला खंडोबा केला आणि विचारत विचारत माझ्याकडं पोचल्या. मी स्टँडवरच त्यांना मिठी मारली. आईनं विचारलं, "ह्या कोण?" बाळू म्हणाला, "अक्काच्या चिखलाच्या मालकीण."

चहा झाला आणि काकू रडायलाच लागल्या. झालं होतं असं, की चिखलावरून धुपून गेलेल्या गाळानं बोटींची वाट भरली होती. बोटी ओहोटीला रुतून बसायच्या, म्हणून पावसाळ्यानंतर वाट उपसायची ठरली होती. बोटवाल्यांचं खरंच होतं, त्यांचंही पोट त्यावरच. पण उपसलेला सगळा गाळ नेऊन खोल समुद्रात टाकणार होते. "इथं माजा चिखल उपाशी आणि तिथं त्याचा घास नेऊन दर्यात फेकणार! बाय, तू काय तरी कर. देवीला पण सांगितलंय, पण देवी काय कार्यालयात जाते?"

मी म्हटलं, काकू, गाळ चिखलावर आणून टाकता येईल, पण ढीग पडले तर खालच्या शिंपल्या गुदमरून मरतील. आणि हातानं पसरणार कोण, एवढा मोठा पट्टा? अख्खं गाव उतरवलं तरी पुरायचं नाही. काकूंनी पदरानं डोळे पुसले. मग मीच म्हटलं, चला, शेताकडं जाऊन येऊ, जरा वारं लागेल.

शेतात बाळूचा वेगळाच तमाशा चालला होता. उन्हाळ्यात आपल्याकडं तलाव आटला की गाळ काढून शेतात टाकतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ट्रॉलीनं आणायचा, रानात जागोजाग ढीग घालायचे आणि मग खोऱ्यानं नाहीतर ट्रॅक्टरनं विस्कटायचे. बाळूला एवढे कष्ट कशाला सोसतात! त्यानं सगळा गाळ रानाच्या वरच्या कोपऱ्यात एकाच ठिकाणी ओतून घेतला होता. का, तर ट्रॉली तिथंच वळवायला सोपी. गाव हसत होतं. आणि त्या दिवशी विहिरीवर लाईट आली, तसा या बहाद्दरानं मोटर चालू केली, पाइप ढिगात खुपसला आणि बांधावरच्या लिंबाखाली पडून राहिला.

आई माझ्यामागून काठी टेकत आली होती. तिनं ते बघितलं आणि असा काही आवाज काढला की पाखरं उडाली. "आरं मुडद्या! माणसाला प्यायला पाणी न्हाय आन् तू ढिगाला आंघोळ घालतूस व्हय?"

"आगं, लाईट आली व्हती," बाळू उठून बसत म्हणाला, "वाया कशाला घालवायची?"

मी पण त्याला चार शब्द सुनवणार होते. पण जनाकाकू पुढं गेल्या होत्या आणि कमरेवर हात ठेवून नुसत्या बघत होत्या. ढीग कडेनं विरघळत होता. गढूळ पाणी उतारानं रानभर पसरत होतं, सऱ्यांमधून सावकाश चाललं होतं, आणि जिथं जिथं पाणी थबकत होतं तिथं मागं गाळाची पातळ साय धरत होती. कुठं ढीग नाही की उंचवटा नाही. दुधावर धरावी तशी साय.

"बाय," काकू म्हणाल्या, "पसरवतंय कोण हे?"

"पाणी," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता माझ्या अंगावर काटा आला. अहो, भरतीचं पाणी माझ्या खाडीत कुठून शिरतं, कुठं फाटतं, कुठल्या बाजूनं काकूंच्या चिखलावर चढतं आणि कुठं जाऊन थबकतं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल! गाळ चिखलावर टाकायचाच नाही. भरती चढायला लागते त्या वेळेला, तिच्या वाटेत, चिखलाच्या अलीकडं सोडायचा. पुढचं काम भरती करील. बाळूची मोटर समुद्राकडं रोज दोनदा चालू होते, आणि लाईट कधी जातच नाही!

मी तिथं रानात नाचले, खोटं कशाला सांगू. माझ्या वयाला शोभत नाही हे मला कळत होतं. काकूही नाचल्या. आई म्हणाली, "ह्या बाईनं आपल्या पोरीला येड लावलं." आणि बाळू, ज्याला काही कळलं नव्हतं, तो सगळ्यात जास्त नाचला.

लगेच माझ्या जागेवर आता असलेल्या मॅडमना फोन लावला. हुशार बाई, माझ्या मुलीच्या वयाच्या. शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, परदेशात कुणीकुणी असं करून बघितल्याचं वाचलंय मी. आपल्याकडं कुठं केलंय?"

"ईटला," मी म्हटलं.

"ते कुठल्या किनाऱ्यावर आलं?"

यावर मी इतकी हसले की फोन बाळूनं घेतला आणि त्यानंच मॅडमना सगळं समजावून सांगितलं, पाइप, लाईट, आईच्या शिव्या, सगळं. मॅडमनी वरच्या लोकांना कसं पटवलं ते त्याच जाणोत. पण त्यांनी आराखडा बसवला, वारा शांत असेल असे दिवस निवडले, आणि परवानगी मिळवली ती अटीवर. सुरुवातीचा थोडा गाळ भरतीच्या वाटेत सोडायचा. चिखलात आधी पांढऱ्या फरशीचे तुकडे सपाट बसवायचे आणि शेजारी काठ्या रोवायच्या. फरशीवर गाळाची साय धरली आणि शिंपल्या जिवंत राहिल्या, तर उरलेला सगळा गाळ तसाच. नाहीतर खोल समुद्रात. वाट उपसायचं काम त्यासाठी थांबणार नव्हतं, तोवरचा बाकीचा गाळ समुद्रातच जाणार होता.

बघायच्या दिवशी मी बाळूला घेऊन गेले. त्यानं समुद्र पहिल्यांदाच बघितला. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं. मग म्हणाला, "अक्का, लई पाणी हाय गं. आन् समदं खारं. काय उपयोग!"

ओहोटी लागली तसे आम्ही उतरलो. काकू, त्यांची सून, बाकीच्या बायका, मी, बाळू, आणि गमबूट घातलेल्या मॅडम. मॅडमचा एक बूट चिखलानं पहिल्याच वळणावर ठेवून घेतला, दुसरा त्यांनी स्वतःच काढून काठावर भिरकावला. पहिल्या काठीपाशी पोचलो. काठी होती. फरशी नव्हती. दुसऱ्या काठीपाशी गेलो. तिथंही नाही. तिसऱ्या काठीपाशी काकूंनी खाली बसून डोळे बारीक करून बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. "चोरल्यान गो! बोटवाल्यांनीच! कुणाच्या न्हाणीत बसवल्या असतील मेल्यांनी!" आणि बोटींच्या दिशेनं हात करून त्यांनी सुरू केलं ते मला इथं लिहिता येणार नाही. मॅडमचं तोंड एवढंसं झालं. फरशीच नाही तर दाखवायचं काय? सून नुसती सासूकडं बघत होती.

तेवढ्यात बाळू बोंबलला. तो आमच्या मागं राहिला होता, एक पाय मांडीपर्यंत रुतलेला, आणि दुसरा पहिल्या काठीपाशी टेकवून बाहेर पडायची धडपड करत होता. "अक्का! पायाला काय तरी लागलं! खेकडा न्हाय ना गं? गुळगुळीत हाय! थंडगार हाय!"

मॅडम अनवाणीच धावल्या. त्याच्या पायाशी गुडघे टेकले आणि बोटं चिखलात घातली. बाहेर निघाला तो पांढऱ्या फरशीचा तुकडा. तो कुणी चोरला नव्हता. तो गाडला गेला होता. वर बोटभर मऊ, नवा, काळाभोर गाळ बसला होता, इतका सारखा की खाली काही आहे याचा पत्ताच लागू नये.

मग काकूंनी त्याच गाळात बोटं फिरवली, तळहात उघडला आणि सुनेपुढं धरला. तळहातावर तांदळाच्या दाण्याएवढ्या शिंपल्या होत्या, तोंड घट्ट मिटलेल्या, जिवंत. "बघ गो," एवढंच म्हणाल्या. आणि मग ज्या ओरडल्या! "फरशी गाडली गो बायांनो! गाडली आपली फरशी!" सगळ्या जणी धावत सुटल्या, काठीकाठीपाशी जाऊन हात खुपसायला लागल्या, ज्या ठिकाणी फरशी लवकर सापडेना तिथं सगळ्यात मोठा जल्लोष. कुणी कुणाच्या तोंडाला चिखल फासला याचा हिशेबच राहिला नाही. मी मॅडमच्या गळ्यात पडले, मॅडम काकूंच्या, काकू बाळूच्या, आणि बाळू अजून रुतलेलाच होता.

समुद्र काही यायचा थांबलेला नाही, हे मला माहीत आहे. चिखलाला दरसाल भरवावं लागणार आहे, आणि एखाद्या वर्षी तो पुरणारही नाही. पण त्या वेळी मॅडमनी चिखलाच्या हातानं फोन काढला, गाळ उपसणाऱ्या मुकादमाला लावला आणि म्हणाल्या, "खोल समुद्रात आता काही नेऊ नका. उद्याच्या भरतीपासून सगळा इथंच सोडा."

काकूंनी ते ऐकलं. आपल्या कमरेची टोपली सोडली, सुनेच्या कमरेला बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

"चल, वेच गो," म्हणाल्या. "पाणी यायला अजून वेळ हाय."